टाळांच्या साथीने ख्रिस्तगीत

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ, बडनेरा, धामणगाव मागे टाकते, वर्धा नदीवरचा पूल ओलांडते आणि पुलगावला येते. पुढे वर्धा, सिंदी, मग नागपूर. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. १८९३ साली एक एकतिशीतला ब्राह्मण कवी नाशिकहून याच वाटेने निघाला होता. नागपूरच्याही पुढे, राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळते का ते पाहायला. नाव नारायण वामन टिळक. मराठी वाचक त्यांना 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेमुळे ओळखतात. पाठ्यपुस्तकात ती कविता पिढ्यानपिढ्या होती, आणि शाळेत मराठी शिकलेल्या माणसाला त्यातला तो घायाळ पक्षी अजून आठवतो. पण त्याच माणसाने शंभराहून अधिक ख्रिस्ती भक्तिगीते लिहिली, ती स्वतः गायली, टाळ-मृदंगाच्या साथीने गावोगाव नेली, हे मात्र चर्चच्या बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते.

त्या प्रवासात डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असे त्यांचे नाव सांगितले जाते. बोलणे संस्कृत कवितेवरून सुरू झाले. टिळकांचा तो हातखंडा विषय होता. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे ते संस्कृत शिकले होते. बोलता बोलता विषय धर्मावर आला, आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातावर नव्या कराराची एक प्रत ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते आवडले नाही, पण पुस्तक वाचायचे असे त्यांनी ठरवले. चांगले वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, हा त्यांचा नेहमीचा रिवाज. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत वाचन सरधोपट चालले होते. तिथे ते अडकले. क्षमा, शत्रूवर प्रेम, उद्याची चिंता न करणे हे शिकवणारी ती तीन प्रकरणे त्यांना सोडवेनात.

ही गोष्ट अचानक घडली असे मला वाटत नाही. त्याआधीची दोन वर्षे टिळक नागपुरात होते. अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी आणले होते. 'ऋषी' नावाचे मासिक ते तिथून चालवत आणि जुन्या धर्मग्रंथांची चर्चा त्यात करीत. जातिभेदाने समाज पोखरला आहे, देशाला एका नव्या धर्मविचाराची गरज आहे, हे त्यांच्या मनात आधीच घोळत होते. गाडीत मिळालेल्या पुस्तकाने त्या शोधाला एक नाव दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताचा अवधी जेमतेम पुरा होत होता.

त्यापुढची घरची कहाणी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात इतक्या थेट सांगितली आहे की तिच्यावर दुसऱ्या कुणी लिहू नये. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या घरात वाढलेली ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडली. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. मग ती टिळक राहत होते त्या नगरला, म्हणजे अहमदनगरला, आली, आधी वेगळी चूल मांडून, आणि १९०० साली तिने स्वतःच्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात ठेवायचे की टिळकांच्या गाण्यांची पहिली कठोर श्रोती घरातच होती, आणि पुढे तीच त्यांच्या कामाची वारस झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी काय गात होती? बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे, आणि तीही इंग्रजी चालींवर. भाषांतर करणारे मिशनरी मनापासून राबत होते, काही जण उत्तम मराठी जाणत. अडचण चालीत होती. इंग्रजी भक्तिगीताची नेहमीची बांधणी अशी: पहिल्या ओळीत आठ अवयव (उच्चाराचे तुकडे), दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. त्या भाषेत प्रत्येक शब्दातला एखादा अवयव ठासून उच्चारला जातो आणि चालीतला ठोका नेमका त्यावर पडतो. मराठीत असा ठासलेला अवयव नाही, आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ आहेत. 'कृपा' हा शब्द घ्या. बोलताना 'कृ' आखूड आणि 'पा' लांब. इंग्रजी चालीत शब्दाच्या सुरुवातीला लांब सूर आला की गाणाऱ्याला 'कृ' ताणावा लागतो आणि 'पा' गिळावा लागतो. एका शब्दात हे चालून जाते. चार कडव्यांत तेच होऊ लागले की खेड्यातून आलेली म्हातारी बाई तोंड मिटून बसते. पुस्तक हातात असते, पण गाणे तिचे नसते.

या अडचणीवर टिळकांच्या आधीही कुणी तरी विचार केला होता, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने उभी केली आणि देशी चालींवर पदे रचली. त्याहून मागे गेलो तर गोव्यात साष्टीमध्ये राहिलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. त्यांनी 'क्रिस्तपुराण' ओवीत लिहिले, १६१६ साली राचोलला छापले, आणि लोक ते देवळात बसून मोठ्याने म्हणत. म्हणजे ओवीतून ख्रिस्तकथा सांगायची वाट टिळकांच्या सुमारे तीनशे वर्षे आधीच पडली होती. पण प्रॉटेस्टंट मिशनच्या मराठी चर्चपर्यंत ती पोहोचली नव्हती. टिळकांनी ती नव्याने पाडली, आणि ओवीच्या शेजारी अभंग आणून बसवला.

अभंगाची रचना साधी वाटते. सहा अक्षरे, सहा अक्षरे, सहा अक्षरे, शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, आणि शेवटचा चार अक्षरांचा तुकडा टाळाच्या ठोक्यावर येऊन थांबतो. या थांब्यात गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ. म्हणूनच शेकडो माणसे तालमीशिवाय अभंग एका सुरात म्हणू शकतात. अक्षरे मोजायची, मात्रा मोजायच्या नाहीत, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाला चालीत मोकळीक राहते. 'कृपा'तला 'पा' हवा तितका लांबवा, चाल मोडत नाही. टिळकांनी हे सारे लहानपणापासून अंगी मुरवले होते. कीर्तन करून, पुराण सांगून त्यांनी तरुणपणी पोट भरले होते. तुकोबा त्यांच्या जिभेवर होते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो, अशा अर्थाचे ते स्वतः सांगत. हे सौजन्यापोटी केलेले विधान नव्हे, त्यांच्या गाण्यांची घडणच तशी आहे. त्यांच्या अभंगातला ख्रिस्त बरोबरीने चालणारा सखा आहे, गुरू आहे, कधी आई आहे. त्याच्याशी भांडता येते, रुसता येते, त्याला हाक मारता येते. मराठी माणूस विठोबाशी जसा बोलत आला, तसेच हे बोलणे आहे.

नगरमधली त्यांची वर्षे कामाने खच्चून भरलेली होती. धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवायचे, 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकासाठी लिहायचे, १९१२ पासून मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करायचे, आणि दौऱ्यावर असताना कीर्तन करायचे. घरी निराधार मुले राहत, विद्यार्थी राहत, कवी राहत. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, याच घरात काही काळ वाढले. पैसा टिकत नसे. लक्ष्मीबाईंनी त्याबद्दल पुरेसे लिहिले आहे आणि वाचताना हसू आणि काळजी दोन्ही येतात. पण गाणी मात्र थांबली नाहीत. 'ज्ञानोदया'त येणारे अभंग पुढे 'अभंगांजली' म्हणून एकत्र झाले. निकोल मॅकनिकल आणि जॅक विन्स्लो या मिशनऱ्यांनी त्यांतले काही इंग्रजीत नेले. मॅकनिकलने केलेले टिळकांचे एक गीत इंग्रजी भाषक चर्चच्या गीतसंग्रहांतही गेले. आधी इंग्रजी गीते भाषांतरित होऊन मराठीत येत, आता एक मराठी गीत उलट दिशेने गेले. या बदलाचे मोल मोठे आहे.

'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करायचे त्यांनी मनावर घेतले, पण ते पुरे झाले नाही. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरे केले. लिहावाचायला उशिरा शिकलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईने एवढा ओवीग्रंथ रचावा, याचे कारण मला एकच दिसते: ओवी तिला शिकावी लागलीच नाही. जात्यावर, अंगणात, कीर्तनात ती कानावर पडत आलेली होती. टिळकांनी जो छंद निवडला त्याचा खरेपणा इथे सिद्ध झाला. इंग्रजी छंदातले अपुरे काव्य त्यांच्या मागे त्यांच्या घरातल्या कुणालाही पुरे करता आले नसते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्याशासारखे राहायचे ठरवले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, अशी त्यांची कल्पना होती. अनेक जुन्या सहकाऱ्यांना ती रुचली नाही. पण गीतकार म्हणून पाहिले तर हा निर्णय अटळ होता. ज्याची गाणी वारकऱ्याच्या चालीत बांधलेली आहेत, त्याला ती एका कुंपणाआत ठेवून कसे भागावे? दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

इथे थोडे दूर जाऊन अमेरिकेकडे पाहतो. आज ज्याला समकालीन ख्रिस्ती संगीत म्हणतात, त्याची सुरुवात १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या तरुणांमधून झाली. लॅरी नॉर्मनने १९६९ मध्ये 'अपॉन धिस रॉक' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि रॉक संगीतातून ख्रिस्ताविषयी गाता येते हे दाखवले. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले. १९८२ मध्ये एमी ग्रँटच्या 'एज टू एज'ने विक्रीचे उच्चांक गाठले आणि पाहता पाहता त्याचा मोठा धंदा झाला. या सगळ्यांत टिळकांच्या सर्वांत जवळचा मला कीथ ग्रीन वाटतो. पियानोवर बसून स्वतःची गाणी स्वतः गाणारा हा तरुण १९७९ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या करारातून बाहेर पडला. पुढची ध्वनिमुद्रिका त्याने किंमत न ठरवता लोकांना दिली. ज्याला जे देणे जमेल ते त्याने द्यावे, काहीच जमत नसेल तर तशीच न्यावी. २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमध्ये विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. ग्रीनला साताऱ्याचा दरबार माहीत असण्याचे कारण नाही. पण देवाचे गाणे पगारावर किंवा किमतीवर टांगायचे का, हा प्रश्न दोघांनाही छळत होता, आणि दोघांनीही नुकसान सोसून उत्तर दिले.

दोन्हीकडचा फरकही नोंदवायला हवा. नॉर्मन आणि ग्रीन यांनी त्या काळचे, त्यांच्या पिढीचे संगीत उचलले. टिळकांनी शेकडो वर्षे मुरलेले संगीत उचलले. पण दोन्हींमागे बुद्धी एकच: माणूस घरी, शेतात, रस्त्यावर जे गुणगुणतो, त्यातच त्याला प्रार्थना करता आली पाहिजे.

आता परत विदर्भाकडे येऊ. टिळकांची परंपरा वर्ध्यापर्यंत कशी आली, याचा एक धागा विन्स्लोच्या हातात आहे. १९२३ मध्ये त्याने इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले. त्याच्या आधीच्या वर्षी त्याने नगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता, जो पुढे पुण्यात गेला. भारतीय वेश, साधे जेवण, जमिनीवर बसणे आणि मराठी भजने ही या संघाची रीत होती, आणि तिच्यामागे टिळकांची प्रेरणा होती. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन नावाचा ऑक्सफर्डचा तरुण या संघात आला आणि काही काळातच गांधीजींकडे ओढला गेला. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी त्याला गोंडांमध्ये जाऊन काम करण्याचे सुचवले. संघातलाच सोबती शामराव हिवाळे यांना घेऊन एल्विन १९३२ मध्ये मंडला भागात गेला. पुढे चर्चपासून तो दूर झाला, आदिवासी जीवनाचा मोठा अभ्यासक झाला, ती वेगळी कथा.

वर्ध्यात मात्र ख्रिस्ती गाण्याला एक अनपेक्षित घर मिळाले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावला आले, त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत सर्व धर्मांचे पाठ असत. आश्रमाची भजनावली पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीत सिद्ध केली होती. गांधीजींच्या आवडत्या ख्रिस्ती गीतांपैकी 'लीड, काइंडली लाइट' हे न्यूमनचे गीत नरसिंहराव दिवेटिया यांनी गुजरातीत आणले, आणि ते भजन म्हणून आश्रमात रुजले. इंग्रजी चाल गळून पडली, शब्द आपल्या चालीला लागले. १९२४ मध्ये दिल्लीतल्या २१ दिवसांच्या उपवासाची सांगता झाली तेव्हा त्यांचे इंग्रज मित्र सी. एफ. अँड्र्यूज यांनी गांधीजींसमोर ख्रिस्ताच्या क्रुसावरचे प्रसिद्ध इंग्रजी गीत म्हटले होते. ते इंग्रजीतच होते, आणि गांधीजींना ते तसेच आवडे. पण रोजच्या प्रार्थनेत गाव सामील व्हायचे तर भजनच लागते, हे त्यांनाही ठाऊक होते.

वर्ध्यातल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती. तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांत बुडालेल्या या माणसाने १९४० च्या दशकात तुरुंगात बसून येशूच्या शिकवणुकीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आणि १९३६ मध्येच, गांधीजींच्या निमंत्रणावरून, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले तुकडोजी महाराज सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले आणि त्यांनी खंजिरीवर भजने गायली. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायची, स्वतः हजारोंसमोर गायचे: गायक-गीतकार म्हणजे काय हे विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायचे तर तुकडोजींपेक्षा चांगले उदाहरण नाही. टिळक त्याच जातकुळीचे. एकाच्या हातात खंजिरी, दुसऱ्याच्या हातात टाळ.

आज मराठी चर्चच्या भक्तीत 'उपासना संगीत' हा गीतसंग्रह सर्वत्र वापरला जातो, आणि त्यात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. त्यांना एकत्र म्हणता येईल असे बरेचसे साहित्य टिळकांनी आधीच देऊन ठेवले होते. पण तरुणांच्या मेळाव्यात आता गिटार, कीबोर्ड आणि ड्रम असतात. परदेशी गाण्यांची हिंदी-मराठी रूपे मोबाइलवरून येतात आणि पाठ होतात. गिटार वाईट नाही. टिळक आज असते तर त्यांनी ती कदाचित उचललीही असती. मला खटकते ते हे, की या भाषांतरांत 'कृ' पुन्हा ताणला जातो आणि 'पा' पुन्हा गिळला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वीची अडचण नव्या वाद्यांसह परत आली आहे, आणि तिचे उत्तर कपाटातल्या गीतसंग्रहात पडून आहे.

त्या उत्तराला एक धोकाही आहे. शब्दांच्या पुस्तकात गीताच्या वर चालीचे नाव छापलेले असते, चाल छापलेली नसते. ती माणसांच्या गळ्यात असते. टिळकांच्या अभंगांच्या जुन्या चाली गाणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, यवतमाळ, नागपूर, तुम्ही जिथे असाल तिथल्या मराठी चर्चमध्ये अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील. रविवारी उपासना संपल्यावर त्यांच्याजवळ बसा, 'अभंगांजली'तला एखादा अभंग म्हणायला सांगा, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. चाल कुणाकडून शिकले आणि कुठे, तेही विचारून लिहून ठेवा. हे काम याच वर्षी व्हायला हवे.